फुलवंतीबाईचा कुड

मी दर्यापूरचा गवंडी, धर्मेंद्र. वीस वर्सं झाली थापी धरून. माह्या प्लास्टरले आजवर भेग पडली नाई, असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगत होतो. आता सांगत नाई. कावून, ते ऐका.

मेळघाटात, सिपना नदीच्या काठच्या एका कोरकू गावात मी शाळेची खोली बांधाले गेलो होतो. राह्यलो फुलवंतीबाईच्या घरी, सपरीत. म्हातारी एकटीच. सागाचे आठ खांब, वर कवेलूचं छप्पर, अन् खांबांच्या मंधात बांबूचे विनलेले कुड, त्यावर माती-शेनाचं सारवन. बस, झालं घर. मले त हसूच आलं. आमच्याकडं कोंबड्यांचं खुराडं यापेक्षा मजबूत रायते.

पन बाई मायेची. दोन महिने तिच्या चुलीवरचा कुटकीचा भात खाल्ला, एक दिवस तोंड वाकडं केलं नाई तिनं. मंग ती धारणीच्या बाजाराले गेली तवा मी उरलेलं शिमिट कालवलं अन् नदीकडच्या कुडावर असं प्लास्टर मारलं, का बोट फिरवा त काच. खांबासकट लेपून टाकलं. तेवढीच खाल्ल्या भाताची फेड. ती आली, भिंतीवरून हात फिरवला. "कायले केलं, मिस्त्री?" एवढंच बोलली. मी समजलो, लाजली असंन.

भादव्यात एका दुपारी सिपना चढली. गावात त ऊन होतं, पानी वर डोंगरात कुठं पडलं देव जाने. बायका घराबाहेर आल्या. कोनी बोंबलत नव्हतं. शेजारच्या सीमानं खांबाजवळची गाठ वढली, पळसाच्या मुळीची दोरी ते, एका झटक्यात सुटली अन् आख्खा कुड निखळला. चौघींनी उचलला, टेकडावर नेऊन ठेवला. मंग दुसरा, मंग तिसरा. माह्या डोळ्यादेखत घंटाभरात अकरा घरं उघडी होऊन राहिली. खाली निस्ते खांब, वर कवेलू.

"काय करून राहिले बापा तुमी?" मी इचारलं.

"नदीले वाट देऊन राहिलो," सीमा म्हने.

फुलवंतीबाईचे तीन कुड निघाले. चौथा निघेना. त्याच्या गाठी माह्या शिमिटाखाली गाडल्या होत्या. पानी कुडाले भिडलं, अन् कोपऱ्यातला खांब करकरला. तवा तिचं तोंड पाह्यलं मी. हे खांब तिच्या सासऱ्यानं रोवलेले. आता वाघाचं राखीव जंगल झालं, सागाच्या फांदीलेबी हात लावता येत नाई. खांब गेला का घर गेलं, पुन्हा होनं नाई.

"तुह्या हातानं लावलं," ती म्हने, "तूच काढ."

मांडीइतक्या पान्यात हातोडा घेऊन उतरलो. म्हातारीनं मांगून माहा सदरा गच्च धरला. हातोडा मारला त टनकन वापस आला. काय सांगू, वीस वर्सांत पहिल्यांदा वाटलं, वाळू जास्त घालून माल कच्चा ठेवला असता त बरं झालं असतं. स्वतःच्या कारागिरीले शिव्या देत, हाताची सालटं निघेपर्यंत ठोकलं. शेवटी खपली सुटली अन् कुड चेंदामेंदा होऊन नदीत गेला. आमी दोघं कसेबसे टेकडावर चढलो.

मंग जे पाह्यलं ते मले नीट सांगता येत नाई. नदी घराघरातून चालली होती. समोरून शिरे, चुलीवरून जाये, मांगून निघे. अन् अकरा छपरं डोहात उभ्या म्हशींवानी गप उभी. नदीचं घरांशी भांडनच नव्हतं. मी भिंती उभ्या कराले शिकलो, हे लोक त्या कवा सोडाच्या तेबी शिकले होते, अन् मी त्यांले हसलो होतो.

सांजले पानी वसरलं. बाई चुलीकडं गेली नाई, सरळ त्या कोपऱ्यातल्या खांबाकडं गेली. खांदा लावून रेटलं. पुन्हा रेटलं.

"हाये," ती म्हने.

मी मटकन चिखलात बसलो अन् लेकरावानी रडलो. तिनं थोडा वेळ रडू देलं.

"उठ मिस्त्री," ती म्हने. "आधी सीमाचे कुड लावू, तिच्या घरी लेकरू लहान हाये. आपली नदीकडची बाजू राहू दे आज उघडी."