लाल टोपीवाल्याचं घर

मित्रांनो, मी एक जुनं, बुटाच्या आकाराचं भांडं आहे. मला कुंभाराने घडवलं नाही आणि सुतारानेही नाही. मला घडवलं सुतारपक्ष्यांच्या एका जोडप्याने.

ओओदाम नावाच्या आदिवासी लोकांच्या दूरदेशीच्या वाळवंटात एक उंच, खांबासारखा सग्वारो निवडुंग होता. त्याच्या खोडाच्या मध्यावर त्या दोघांनी चोचीने मला पोखरलं. चीक आला, निवडुंग कळवळला असेल. पण जोडपं मोठं सोशीक. चीक वाळून माझ्या भिंती लाकडासारख्या टणक होईपर्यंत त्यांनी कित्येक महिने वाट पाहिली आणि मगच बिऱ्हाड थाटलं. काडी नाही, पीस नाही. अंडी थेट माझ्या उघड्या कुशीत घातली!

दोघांच्या पाठीवर काळेपांढरे पट्टे, डोकं मातकट. नराच्या टाळूवर तेवढी लाल टोपी. स्वभावाने भांडखोर, दिवसभर चर्र चर्र चालायचं. पण पिल्लं झाल्यावर किडे आणि फळांचा गर आणताना दोघांनाही उसंत नसे. मला त्यांचा फार लळा होता.

निवडुंगाची फळं पिकली तशी ती पाडायला माणसंही आली. रोसेलिया, तिची तान्ही मुलगी मार्सी आणि पास्कुआला मावशी. मार्सीचा झोका आमच्याच निवडुंगाजवळच्या मांडवात बांधला होता. रोसेलियाचा एक डोळा झोक्यावर, एक आमच्यावर.

"मावशी, हा पोखरलेला निवडुंग पोरीवर पडला तर?"

"पोखरणारा कोण, ते आधी बघ," मावशी चुलीवरचा फळांचा पाक ढवळत म्हणाली. "सोनेरी पंखांचा सुतारपक्षी असेल तर वाईट. तो शेंड्याकडे निवडुंगाच्या आतल्या लाकडी बरगड्याच तोडतो. लाल टोपीवाला बिचारा खोडाच्या गरापुरतंच पोखरतो."

रोसेलिया पाहत राहिली. आणि नेमकी तेव्हाच बाहेर आली मादी. बोडक्या डोक्याची!

"टोपी नाही! म्हणजे हा तोच, बरगड्या तोडणारा!"

पाकाच्या मडक्यांची तोंडं लिंपायला चिखल मळलेला होता. त्याचा गोळा तिने फळं पाडायच्या लांब काठीच्या टोकावर थापला आणि मला बुजवायला काठी माझ्या तोंडाशी आणली. मित्रांनो, माझ्या पोटात तीन पिल्लं होती. मला ओरडता येत नाही. ओल्या चिखलाचा गारवा माझ्या ओठाला लागला.

एवढ्यात लाल टोपीवाला आला. चोचीत लालभडक गर. काठीला न जुमानता तो आत शिरला आणि पिल्लांनी एकच कल्ला केला. मादी काठीभोवती घिरट्या घालत होती. तिचे पंख उघडले. सोनं कुठलं? दोन पांढरे ठिपके!

रोसेलियाने काठी झटकन मागे घेतली.

"अगं बाई! मावशी, ही तर त्याची बायको! आत लेकरं आहेत!"

"मग? बायकोनेही टोपी घालायची की काय?" मावशी खोखो हसली. "कपाळावर तुझ्या तरी कुठे लिहिलंय, तू कोणाची आई ते?"

रोसेलिया मात्र हसली नाही. ती मार्सीला उचलून छातीशी धरून उभी राहिली. मग तिने रिकाम्या फळांच्या साली, पाऊस यावा म्हणून ठेवतात तशा, लाल बाजू आभाळाकडे करून माझ्या खाली मांडल्या. त्यात थोडा गर मुद्दाम शिल्लक ठेवला.

पुढे माझ्यात सुतारपक्ष्यांच्या पिढ्या वाढल्या, नंतर एक इवलं घुबडही राहून गेलं. मग एका वावटळीत म्हातारा निवडुंग कोसळला. मांडव तेव्हा रिकामा होता. निवडुंगाचा गर कुजून गेला, मी तेवढा उरलो. कितीतरी दिवस वाळूत पडून होतो, कोणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी मला मार्सीनेच उचललं. आता ती काठीने स्वतः फळं पाडते. माझ्यात ती बिया ठेवते.

"आई, याच्या काठाला चिखल कसला? खरवडू का?"

"राहू दे," रोसेलिया म्हणते.

म्हणून सांगतो, मित्रांनो, एखादं भोक बुजवायचं असेल तर जरूर बुजवा. पण आधी थोडा वेळ खाली उभे राहा. आत कोणी कोणासाठी घास घेऊन जात नाही ना, एवढं पाहा.