ब्युरेटच्या खालचा फ्लास्क

मतदानात घर जिंकलं आणि कॉलेज हरलं. पण ते राहू द्या. असं काही मतदान झालंच नाही, असं धरून चालू. छायाही तसंच धरून चालली होती.

छाया बारावी सायन्सला होती, साल दोन हजार सहा, आणि तिला जगात एकच गोष्ट मनापासून आवडायची. टायट्रेशन. वरच्या ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या लांब काचनळीतून, थेंब थेंब सोडायचा, खालचा फ्लास्क हलवत राहायचा. काही होत नाही, काही होत नाही, आणि मग एका थेंबाला सगळं गुलाबी. मखमलाबादला त्यांच्या मळ्यात गुलाबही होते, पण ते आपले आधीपासूनच गुलाबी. त्यात काय बघायचं?

त्या वर्षी कॉलेजला नव्या जमान्याची बाधा झाली. केमिस्ट्रीचे ललित सर वर्गात म्हणाले, "महिनाभर घरी बसून इंटरनेटवर शिकून बघा. मग सांगा, घर आवडतं की कॉलेज. जास्त मतं पडतील ते कायम."

अख्ख्या वर्गात इंटरनेट एकाच घरी होतं, छायाच्या. पोरगी सायन्सला गेली म्हणून तिच्या वडिलांनी, चिमाजींनी, कॉम्प्युटर आणून देव्हाऱ्याशेजारी ठेवला होता आणि रोज ते त्याला हार घालत होते. तेव्हा घरून शिकायला सगळा वर्ग छायाच्या घरी आला.

"या बाळांनो. चपला बाहेर," छायाची आई नवसाबाई म्हणाल्या.

पडद्यावर टायट्रेशनचं चित्र वरून खाली, बोटबोट उतरत यायचं. आधी स्टँडचं टोक, मग ब्युरेटचं तोंड. नवसाबाईंना रिकामे हात बघवत नसत. त्यांनी प्रत्येकापुढे झेंडूचा ढीग आणि सुईदोरा ठेवला. "तुमचं ते खाली येईस्तोवर दोन माळा व्हतील."

चित्र अर्ध्यावर आलं की चिमाजी फुलबाजारात फोन लावायला रिसीव्हर उचलायचे आणि फोनच्याच तारेवरचं नेट तुटायचं. त्यांनी नाही उचलला तर लोडशेडिंग यायचं. फ्लास्कपर्यंत कुणीच पोहोचलं नाही. किशोर नावाच्या पोराने तर तोंडात भाकरी असतानाच सांगून टाकलं, "फ्लास्क नसतोच. सर उगाच सांगतात." मग त्याने भरीत वाढून घेतलं. "काकू, केमिस्ट्री इतकी चांगली असते, हे माहीतच नव्हतं!"

ललित सर तपासणीला आले. चपला बाहेर काढून बसले. दोन झेंडू, एक शेवंती असा क्रम त्यांना लगेच जमला, आणि मग ते रोजच येऊ लागले.

महिना संपला आणि जे झालंच नाही, ते मतदान झालं.

"घर?" सरांनी विचारलं. पिवळ्या बोटांचे सगळे हात वर गेले. सरांचाही.

"कॉलेज?" एक हात.

"अगं, घर तुझंच आहे ना?" सर म्हणाले. "तुलाच आवडेना?"

"सर, टायट्रेशन कुठं झालंय? मला ते हाताने करायचंय."

"होईल की. उतरतीये ब्युरेट."

"छाये, तुला घराची किंमतच नाही," किशोर सुईत दोरा ओवत म्हणाला.

घर कायम झालं. प्रयोगशाळेला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी छाया डबा भरू लागली, तर नवसाबाईंना कळेना. "आता कशाला जायचं? कालेजच घरी आलंय न्हवं? बस की शेवंती निवडत."

"आई, परीक्षेत ब्युरेट हातात देतात. माळ नाही देत."

"मग सरांना सांग. माळ द्या म्हनावं."

छाया तरीही गेली. बंद प्रयोगशाळेच्या दाराला नाक लावून उभी राहिली. काचेतून ब्युरेट दिसत होती आणि खाली, स्पष्ट, फ्लास्क. शिपाई भिकन स्टुलावर बसला होता.

"पोरी, समदे तुझ्या घरी गेले की. सर बी."

"म्हणून तर इथं आले, भिकनमामा. तिथं बसायला जागा नाही. उघडता का?"

"मला अधिकार नाय. अर्ज दे. अर्जाबिगर काय व्हत नाय." त्याने जरा विचार केला. "अर्ज देऊन बी व्हत नाय. पण द्यावा."

छायाने पायरीवर बसून अर्ज लिहिला.

"मा. प्राचार्य यांस,

विषय: घर मिळणेबाबत.

महोदय, आपल्या निर्णयानुसार सर्वांनी विज्ञान घरून शिकायचे आहे. निर्णय मला मान्य आहे. परंतु माझ्या घरी सध्या बारावीचा वर्ग, ललित सर व झेंडू असल्याने मला जागा उरलेली नाही. आपली रसायनशास्त्राची प्रयोगशाळा मात्र रिकामी आहे. तरी सदर प्रयोगशाळा, ब्युरेट व एका फ्लास्कसह, परीक्षेपर्यंत माझे घर म्हणून घोषित करावी व तेथे मला घरून शिकण्याची परवानगी द्यावी, ही नम्र विनंती.

चपला बाहेर काढल्या जातील."