काकांचा चष्मा

ट्रक फाटकाबाहेर वळला, आणि पावतीवर सही करण्यासाठी काकांनी खिसा चाचपला. चष्मा नव्हता.

मोटारींचे नाजूक सुटे भाग बांधून मालट्रकने पाठवणाऱ्या त्या गोदामात सगळे त्यांना काकाच म्हणत. आज गेलेली पेटी मात्र साधी नव्हती. आत एका जुन्या मोटारीची पुढची काच होती. ते मॉडेल केव्हाच बंद झालेले, दुसरी काच मिळणे अशक्य. काकांनी ती उभी बसवली होती, कारण आडव्या काचेला खड्ड्याचा हादरा थेट पोटात बसतो. कडांना रबर, भोवती फोम. शेवटी पेटी हलवून तिला कान लावला होता. आवाज नाही. आवाज नसणे हा पुरेसा पुरावा असतो, अशी त्यांची आजवरची समजूत होती.

"काका, फोम दाबताना चष्मा काढलात, तो गेला आतच!" हमाल पोट धरून हसू लागला.

"दांडी धातूची आहे रे त्याची. काचेला लागली तर वाटोळं होईल."

ट्रकवाला फोन उचलेना. घरी बायको म्हणाली, "जेवा आधी. तुम्ही नाही ना गेलात पेटीत? मग झालं." काका जेवले, पण ताटात कोणती भाजी होती हे त्यांना सांगता आले नसते, आणि दोष केवळ नजरेचा नव्हता.

दोन दिवसांनी, काच जिथे पाठवली होती त्या परगावच्या गॅरेजमधून तिथल्या मिस्त्रींचा फोन आला.

"काच पोचली हो! ओरखडासुद्धा नाही. बसवलीसुद्धा. मालकीणबाई गाडीतून उतरायलाच तयार नाहीत!"

"आणि चष्मा?"

"ठणठणीत! आजच पाठवतो."

काका इतके हसले की बायको पाणी घेऊन धावली.

पुडके आले. मिस्त्रींनी चष्मा वर्तमानपत्राच्या पानात मोठ्या प्रेमाने गुंडाळला होता. एक भिंग आडवे तडकले होते.

"अगं बाई! आता?" बायको हळहळली.

काकांनी मात्र ते भिंग उजेडात धरून समाधानाने न्याहाळले. वस्तू तीच, रस्ता तोच, फरक फक्त बांधणीचा. याहून चोख प्रयोग त्यांना सुचला नसता.

"नवं भिंग बसवून आणा."

"आणीन की. घाई काय आहे?"

दुसऱ्या दिवशी ते तोच चष्मा लावून कामावर गेले, आणि हमालाने विचारावे म्हणून त्याच्यासमोरून दोनदा गेले.