मधल्या टप्प्याचा पंख

आमच्या हौशी रॉकेट क्लबात कुणाचंही रॉकेट उडवण्याआधी तपासणीला माझ्या टेबलावर येतं. मी ते उलटंपालटं करून बघते, पंख अंगठ्याने दाबते, पॅराशूट ओढून पाहते आणि मग हो किंवा नाही म्हणते. भीडभाड मला जमत नाही. आमच्या पास्टरसाहेबांचंही रॉकेट मी एकदा परत पाठवलंय आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावर बसून त्यांचं प्रवचन ऐकलंय.

म्हणून शुक्रवारी जॉइसचा, म्हणजे माझ्या भावजयीचा फोन आला तेव्हा मी तडकलेच.

"आर्लीन, उद्या वेंडेल त्याचं रॉकेट आणतोय. काही झालं तरी हो म्हण."

"मी बघेन आणि मग सांगेन."

"बघू नकोस गं बाई, नुसतं हो म्हण. तो परत त्या खुर्चीत जाऊन बसला ना, तर मला काही त्याला उठवता यायचं नाही."

वेंडेल माझा धाकटा भाऊ. मागच्या उन्हाळ्यात त्याला लकव्याचा झटका आला आणि उजवा हात गेला. म्हणजे आहे जागच्या जागी, पण ऐकत नाही. गव्हाच्या कोठारावर काम करताना आवाजाने अख्खं गाव दणाणून सोडणारा माणूस, आणि आता सगळे त्याच्याशी चार वर्षांच्या पोरासारखे वागत होते. जॉइस त्याच्या ताटातलं मांस कापून देई. चर्चमध्ये तो दारापासून बाकापर्यंत चालला तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्यायाम करून घेणारी बाई त्याच्या शर्टावर शाब्बासकीची कागदी चांदणी चिकटवून घरी पाठवी. सबंध हिवाळा त्याने खिडकीजवळच्या खुर्चीत घालवला. मग एके दिवशी उठला आणि डाव्या हाताने रॉकेट बांधायला बसला. तेही साधंसुधं नाही, तीन टप्प्यांचं.

त्यात खालचा टप्पा जळता जळता मधल्याला पेटवतो आणि गळून पडतो, मधला वरच्याला पेटवतो. मध्येच एखाद्या टप्प्याने मान वाकडी केली तर पेटलेलं रॉकेट वर जायच्या ऐवजी लोकांच्या अंगावर येतं. धडधाकट माणसांची असली रॉकेटं मी कुरणात नाक खुपसून पडलेली पाहिली आहेत.

शनिवारी क्लबाच्या कुरणात वेंडेल रांगेतून पुढे आला आणि त्याने ते लांबलचक रॉकेट माझ्यापुढे ठेवलं. पांढरा रंग, मध्ये लाल पट्टा. पट्टा जरा वेडावाकडा होता, पण रॉकेट सुरेख होतं. रॉकेट उडवायचं पॅनेल सांभाळणारा मर्लसुद्धा उठून बघायला आला. जॉइस गाडीजवळ उभी राहून माझ्याकडे टक लावून होती.

मी एकेक पंख दाबत गेले. मधल्या टप्प्याचा एक पंख अंगठ्याखाली हलला. किंचित. पण हलला.

"नाही," मी म्हटलं.

"अगं आर्लीन," मर्ल कुजबुजला, "आज वारासुद्धा नाहीये. जाऊ दे ना."

"वाऱ्याचं मी विचारलं नाही. पुढचा!"

वेंडेलचा चेहरा लालबुंद झाला. त्याने रॉकेट काखेत मारलं आणि पाय ओढत गाडीकडे गेला. पुढच्या माणसाचं रॉकेट माझ्या हातात होतं आणि मला त्याचे पंख धड दिसत नव्हते. मी रडत होते. भावाला मी परत त्या खुर्चीत बसवलं, असंच मला वाटत होतं.

दुपारी सगळे जेवत असताना समोर चिलीचा, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्याचा वाडगा आदळला. निम्मी चिली टेबलावर सांडली. वेंडेल माझ्यासमोर बसला.

"कुठला पंख?"

"मधल्या टप्प्याचा. लाल पट्ट्याखालचा."

"माहीत होतं मला."

"माहीत होतं? मग आणलंस कशाला, गाढवा?"

"बघायचं होतं," तो म्हणाला, "तूही चांदणी चिकटवतेस का."

"आणि मी हो म्हटलं असतं तर?"

"तर ते गाडीत टाकून घरी गेलो असतो. परत आलोच नसतो." त्याने डाव्या हाताने माझ्या ताटातला दालचिनीचा रोल उचलला. "आता रडू नकोस. भयाण दिसतेस."

जुलैत तो परत आला. शेजारच्या शेतातला मका डोक्याच्या वर गेला होता. मी त्याचे सगळे पंख दाबले, नेहमीपेक्षा जरा जोरातच. एकही हलला नाही.

आमच्या पॅनेलवर एका हाताने किल्ली दाबून धरावी लागते आणि दुसऱ्या हाताने बटण. वेंडेलने किल्ली डाव्या हाताने धरली आणि उजवा अंगठा बटणावर ठेवला. सगळ्यांनी मिळून पाच, चार, तीन, दोन, एक म्हटलं. काहीच झालं नाही. अंगठा नुसता थरथरत होता. मर्लने मदतीला हात पुढे केला, तो मी फटकारला आणि माझे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले.

"परत मोजा," वेंडेल म्हणाला.

परत मोजलं. परत काही नाही. तिसऱ्यांदा मोजताना जॉइसचाही आवाज त्यात होता, आणि बटण खाली गेलं.

पहिला टप्पा सुटला, दुसरा पेटला, एवढं दिसलं. मग खूप वर, निळ्यात, एक बारीकसा ठिपका पुन्हा पेटला आणि तिसरा टप्पा मक्यावरून पार दिसेनासा झाला. सगळे ओरडत होते.

"मका काढतील तेव्हा सापडेल," मर्ल म्हणाला. वेंडेलला त्याचं काही नव्हतं. कुरणात पडलेला मधला टप्पा तो स्वतः जाऊन घेऊन आला. वाटेत दोनदा हातातून पडला, दोनदा त्याने तो उचलला. मग माझ्या टेबलावर ठेवून समोर उभा राहिला.

मी लाल पट्ट्याखालचा पंख दाबला. पक्का होता.

"गोंद फार थापलायस," मी म्हटलं.

त्याने मला अशी काही शिवी हासडली, की पास्टरसाहेबांनी मान दुसरीकडे वळवली. वर्षभरात इतका खूश तो मला दिसला नव्हता.