न भेटलेलं वर्ष

"मीच फोडली बरणी," धाकटा म्हणाला.

ताई केरसुणी हातात धरून त्याच्याकडे बघतच राहिली. बरणी तिच्याच कोपराचा धक्का लागून पडली होती. तेव्हा तो मागे कपडे वाळत घालत होता. आवाज ऐकून दारात आला आणि कुणी काही विचारायच्या आत कबुली देऊन मोकळा झाला.

"अरे, माझ्याकडून फुटली ती," ताई म्हणाली. त्याने मान डोलावली, पण त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

तुरुंगातून सुटून त्याला तीन आठवडे झाले होते. अकरा वर्षांपूर्वी तो इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्रीला होता. तिथे आग लागली, त्यात त्याच्याबरोबर काम करणारी म्हातारी गेली. चौकशीत दोन दिवस एकच प्रश्न: इस्त्री चालू ठेवून गेलास ना? तो नाही, नाही म्हणत राहिला. नीट आठव, नीट आठव, असं ऐकता ऐकता तिसऱ्या दिवशी त्याला इस्त्रीचा लाल दिवा खरोखरच दिसायला लागला. त्याने सही करून टाकली. आग भिंतीतल्या जुनाट तारांमुळे लागली होती, हे आता कुठे उघडकीला आलं. तसा अहवाल पहिल्याच महिन्यात कुणीतरी दडपला होता.

काचा भरून ताई पायरीवर मटार सोलायला बसली. तोही शेजारी टेकला.

"पहिलं वर्षभर मी तुला भेटायला आले नाही," ताई म्हणाली. "गुडघे दुखतात म्हणून कळवायचे. गुडघ्यांना काही झालं नव्हतं. तू स्वतःच कबूल केलंस, म्हणून मला खरं वाटलं रे. सख्खी बहीण असून."



"मलाही खरं वाटायचं, ताई. रोज म्हातारीची माफी मागून झोपायचो. मग तुझं काय चुकलं?"

"कधी कळलं तुला, आपल्यामुळे आग लागली नव्हती ते?"

"वकीलबाईंनी अहवाल वाचून दाखवला तेव्हा. अजून कधीकधी पुन्हा वाचावा लागतो."

ताईला शेंगा दिसेनाशा झाल्या. सालं पातेल्यात पडत होती आणि दाणे कचऱ्यात. त्याने हलकेच पातेलं स्वतःकडे ओढलं आणि तो एकेक साल वेचून काढायला लागला.