एकच फटाका

आमच्या इनामगावात एकानं फटाका लावला की शेजारचे सगळे लावतात. बिबट्या आपल्या उसात येऊ नये, दुसऱ्याच्या गेला तर जावो, असा आमचा शेजारधर्म. त्या संध्याकाळी तोच माझ्या जिवावर उठला.

माझा नवरा संपत ठिबकची नळी बघायला उसात शिरला आणि खड्ड्यात पाय मोडून पडला. ऊस दोन पुरुष उंच, घोड नदीपर्यंत सलग. त्यानं फटाके वाजवले, तर चहूकडून उत्तरं फुटली. त्याचा कुठला ते कळेना. मग साध्या फोनवरून म्हणाला, "पिल्लांची बिबटीण जवळच हाय. फटाका एकच राहिलाय." तेवढ्यात फोन बंद पडला. पायी आत कोण शिरणार? ट्रॅक्टर घालायचा, तर कुठून?

माझा भाऊ नवनाथ कंपनीत मोजमापं घेतो. तो म्हणाला, आवाज सगळीकडं एकदम पोचत नाही. तिघांनी तीन जागी ऐकायचं, कुणाला किती उशिरा आला त्यावरून जागा काढू. तो पोल्ट्रीवर गेला, जाऊ सीमा विहिरीवर, मी देवळात. तिघं एकाच कॉलवर.

माझ्या तोंडाला अख्खं गाव भितं. देवळाच्या भोंग्यावरून मी सांगितलं, "कुणीबी फटाका लावायचा न्हाई. लावला तर दारात येऊन भांडंन. अवो, आता तुमचा वाजवा."

त्याच्या हातातला शेवटचा आधार मी काढून घेत होते. चुकले असते तर त्याच्यापाशी काहीच उरलं नसतं. गाव गप्प झालं. एवढा वेळ मी जन्मात गप्प बसले नव्हते.

फोनात सीमा आणि नवनाथ एकदमच म्हणाले, "आला." म्हणजे दोघांपासून सारखाच लांब. मला दोन सेकंदांनी ऐकू आला. म्हणजे त्यांच्यापेक्षा मी सातशे मीटर दूर. नवनाथनं मोबाइलच्या नकाशावर विहीर आणि पोल्ट्रीच्या मधोमध आडवी रेघ ओढली. तिच्यावर हे अंतर जुळणारी जागा एकच निघाली, शेजारच्या ज्ञानदेव आबांच्या बांधाखालची.

ट्रॅक्टर सरळ तिथं घातला. संपत पांढराफटक पडला होता, पण जिवंत. मला रडू आवरेना. त्यानं मूठ उघडली. आत एक फटाका होता.

"एकच हाय म्हणला व्हता की."

"दोन हायेत म्हणलो असतो, तर तू नीट ऐकलं असतंस व्हय?"

त्या दिवसात दुसऱ्यांदा मी गप्प बसले.