एका ‘लेफ्ट’पायी

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-व्हिएतनामी शब्दकोश. नेदरलँड्समधल्या हूफडॉर्प गावातल्या एका घरात मला शेल्फवर छान जागा मिळाली आहे, तरी माझा जीव काही थाऱ्यावर नसतो. का, ते सांगतो.

माझा जन्म हनोईच्या एका छापखान्यात झाला. होआ नावाची मुलगी कॉलेजात असताना तिने मला विकत घेतले. “हा नसता तर मी नापासच झाले असते,” असे ती मैत्रिणींना सांगायची, तेव्हा माझी पाने अभिमानाने फुगायची. पुढे तिला आम्स्टरडॅम स्लोटरडाइकच्या एका ऑफिसात नोकरी लागली आणि सहा वर्षांच्या मुलीला, लानला, घेऊन ती नेदरलँड्सला आली. आता शब्द शोधायला तिच्याकडे फोन होता. मी बॅगेच्या तळाशी, डब्याखाली पडून राहिलो.

त्या दिवशी वादळी वाऱ्यामुळे गाड्या अडकल्या होत्या. स्लोटरडाइकच्या फलाटावर होआ येरझाऱ्या घालत होती. लान शाळेनंतर पाळणाघरात थांबायची, आणि ते बंद व्हायची वेळ झाली होती. तेवढ्यात फोनवर पाळणाघराचा इंग्रजी निरोप आला: सगळी मुले गेली. लान इज लेफ्ट.

निरोप वाचून होताच फोनची बॅटरी संपली.

तिने मला खसकन बाहेर ओढले. वाऱ्याने माझी पाने फडफडत होती. ‘लेफ्ट’ सापडला. पहिला अर्थ, डावा. तो जुळेना. दुसरा, निघून गेला. तिथेच तिचे बोट थिजले. व्हिएतनामी भाषेत क्रियापद काळाप्रमाणे रूप बदलत नाही, त्यामुळे ‘लीव्ह’चे ‘लेफ्ट’ होते तसले शब्द तिला नेहमीच फसवायचे. मी मनातल्या मनात ओरडत होतो, “होआ, अजून एक ओळ खाली बघ!” पण मला कुठला आवाज?

मला तिथेच बाकावर टाकून ती धावत सुटली. पाळणाघरापासून घरापर्यंतचा रस्ता कालव्याच्या काठाने जातो. तिच्या डोळ्यांसमोर आता फक्त त्या कालव्याचे पाणी होते.

फलाटाच्या जिन्यापाशी, माझ्या डोळ्यांदेखत, तिला मंजूषा भेटली. ती मूळची पुण्याची, होआच्याच ऑफिसातली. तिची मुलगी गुंजन लानच्याच वर्गात होती. तिने होआचे दोन्ही हात घट्ट धरले.

“होआ, काय झालं? आधी श्वास घे.”

“लान गेली! एकटीच निघून गेली!”

“कोण म्हणालं? नेमकं काय लिहिलं होतं?”

“लान इज लेफ्ट.”

“अगं, ती गेली नाही! ती उरलीये. बाकीची मुलं गेली, लान तिथंच आहे!”

होआचा विश्वास बसेना. मंजूषाने तिला परत माझ्या बाकावर आणून बसवले आणि स्वतःच्या फोनवरून पाळणाघराला फोन लावला. पलीकडून लानचा वैतागलेला आवाज आला, “आई, कधी येतेस? मला भूक लागलीये.”

होआ मला छातीशी कवटाळून रडली. माझी ‘एल’ची पाने त्या दिवशी भिजली, ती अजून सुरकुतलेली आहेत.

गाड्या सुरू झाल्यावर लानला घेतले आणि रात्री मंजूषाच्या घरी सगळे जेवायला बसले. गुंजनने ताटातल्या वरणभाताकडे बोट दाखवले, “हा राईस लेफ्ट आहे.” मग डावा हात वर केला, “हा पण लेफ्ट.” आणि पळत खोलीबाहेर गेली, “आता मी लेफ्ट!” लान खो खो हसली. होआही हसली, पण तिचा हात लानच्या खांद्यावरून हलला नाही.

जाताना होआने, “लानची भाषा शिक,” म्हणत मला गुंजनला देऊन टाकले. गुंजन कधी उघडते, कधी महिनोन्महिने विसरते. पण कुणाचाही फोन वाजला की मी दचकतो. आज कुणी अर्ध्यातच वाचणे थांबवले असेल? कोण उगाच धावत सुटले असेल?

मित्रांनो, मला रोज उघडू नका, चालेल. पण एखादा शब्द काळजात धस्स करून गेला, तर पळण्याआधी शेजारच्या माणसाला विचारा, “याचा अजून काही अर्थ होतो का हो?” आणि तुम्हाला कुणी असे विचारले, तर घाईत असलात तरी थांबा.